उणे ऐंशीची कुपी

जालन्यात बियाण्याच्या एका कंपनीत मी भांडारपाल होतो. आलेला माल उघडून पाहायचा, ओलावा तपासायचा आणि मगच आवक रजिस्टरात लिहायचा, हा माझा नेम होता. बियाणं नासतं ते ओलीनं. अठरा वर्षांत माझ्या ताब्यातलं एकही पोतं ओल लागून वाया गेलं नव्हतं.

धाकटी बहीण विद्यापीठात पीएच.डी. करत होती. तिचा विषय तिनं मला आईचं साड्यांचं कपाट उघडून समजावला होता. एका पेशीतला डीएनए म्हणजे दोन मीटरचा धागा, मण्यांभोवती गुंडाळून ठासलेला. गुंडाळलेला भाग पेशीला वाचता येत नाही. मणी सरकवून तो मोकळा करणारं एक प्रथिन असतं. "दादा, खालची साडी काढायची, पण वरच्या घड्या मोडायच्या न्हाईत. तेच काम."

तिला माणसाचं प्रथिन हवं होतं, पण माणसातून काढलेलं नव्हे; त्याचा जनुक किड्याच्या पेशींत घालून बनवलेलं. माझी बायको म्हणाली, "वन्सं, हे बघायला येणाऱ्या पोराला सांगू नका, पळून जाईल."

"पळाला तर बरंच, वहिनी. प्रबंध तरी पुरा होईल."

दोन हजार तीनच्या दिवाळीत त्या प्रथिनाची कुपी परदेशातून येणार होती. मागवून पाच महिने झाले होते. तिचा एकच प्रयोग उरला होता आणि तिचे सर जूनमध्ये निवृत्त होणार होते. सुट्टीत विभाग बंद, म्हणून तिनं आमच्या कंपनीचा पत्ता दिला. आमच्या प्रयोगशाळेत डीप फ्रीजर होता. शनिवारी सकाळी तिचा फोन आला. "आलं की खोका तसाच फ्रीजरात ठेव. मी सोमवारी येते."

पार्सल दुपारी आलं. तोवर प्रयोगशाळेचे साहेब किल्ली खिशात घालून भोकरदनला गेल्ते.

थर्माकोलचा खोका बाहेरून घामेजला होता. मी उघडला. आत पांढरे गोळे, त्यातून धूर निघत होता आणि मध्ये करंगळीएवढी कुपी. चिठ्ठीवर लिहिलं होतं : पन्नास मायक्रोग्रॅम, उणे ऐंशी अंश, बर्फ पोचल्यापासून तीन दिवसांचा. मी सगळं वाचलं. पण मला वाटलं, हा बर्फ वितळणार आणि कुपी पाण्यात बसणार. तो बर्फ पाणी न होता हवेत जातो, हे मला ठाऊक नव्हतं. आकड्याचंही मला फार वाटलं नाही. दहा अंशांखाली ठेवा असं छापलेलं बियाणं पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळा काढून नव्वद टक्के उगवलेलं मी पाहिलं होतं.

मी कुपी पुसून कोरडी केली. ओल शोषणाऱ्या पुड्यांसोबत डब्यात घातली आणि शीतगृहात चांगल्यातल्या चांगल्या बियाण्याशेजारी ठेवली. रजिस्टरात लिहिलं : उघडून तपासला, कोरडा, सुस्थितीत.

सोमवारी तिनं शीतगृहातच डबा उघडला. "दादा, बर्फ कुठंय?"

"काढून टाकला. भिजली असती ना."

तिनं पुडी बोटांनी दाबून पाहिली, डबा पुन्हा बंद केला. मग म्हणाली, "घरी चल, चहा टाक म्हणावं वहिनीला."

खोका नुसता न उघडता ठेवला असता तरी कुपी टिकली असती, हे मला तिनं नाही, सुट्टीवरून परतलेल्या साहेबांनी सांगितलं.

तिनं प्रयोग तीनदा केला. मणी हलले नाहीत. दुसरी कुपी मागवली, ती यायच्या आत सर निवृत्त झाले. दुसरा मार्गदर्शक तिला मिळाला नाही. ती भोकरदनला कॉलेजात शिकवायला लागली. प्रबंध राहिला तो राहिलाच. तिनं मला कधी बोल लावला नाही. लावला असता तर निदान मला उत्तर द्यावं लागलं असतं.

काही वर्षांनी जुनी रजिस्टरं रद्दीत काढताना ती ओळ समोर आली. 'सुस्थितीत' खोडावं असं वाटलं, पण रजिस्टरात खाडाखोड करायची नसते. मी तिला फोन लावला. ओळ वाचून दाखवली.

मग तिनं विचारलं, "शीतगृह किती अंशांवर होतं रे?"

"सहा."

"इतकी वर्षं मी चार धरून चालले होते," ती म्हणाली.