पडलेल्याला हात

आमच्या चर्चची पोरं मिशनच्या कामाला श्रीलंकेत जाणार होती, तिथल्या मुलांना कबड्डी शिकवायला. आमच्या मरोदा गावच्या मैदानावर मी त्यांची तयारी करून घ्यायचो. माझा नियम एकच होता: समोरचा पडला की आधी हात द्यायचा.

एका संध्याकाळी सरावानंतर पोरं प्रार्थनेला बसली, तेवढ्यात ‘धर्मांतर’ ओरडत काही माणसं काठ्या घेऊन घुसली. माझं मनगट मोडलं, कॅप्टनचं नाक फुटलं. त्याला मारणारा माणूस घसरून पडला. कॅप्टननं हात देऊन त्याला उठवलं. उठल्याबरोबर त्या माणसानं काठीनं कॅप्टनचे दात पाडले.

दवाखान्यात मी खेकसलो, “त्याले हात कावून दिला बे?”

कॅप्टन रक्त थुंकला. “तो पडला होता ना, सर.”