मामांचा मांजरीशी सौदा

आमच्या ह्यांच्या मामांइतका पक्का व्यापारी लातूरच्या मोंढ्यात दुसरा झाला नसेल, आणि एका मांजरीनं इतकं बेजार केलेला व्यापारी तर अख्ख्या मराठवाड्यात झाला नसेल. उभा जन्म त्यांनी आडतीच्या गादीवर काढला. जुन्या आडत्यांमध्ये उपरण्याखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवायची रीत होती. बघणाऱ्याला दोन माणसं नुसती हात धरून बसलेली दिसायची आणि तेवढ्यात तुरीचा सौदा होऊन जायचा. मोंढ्यातून ती रीत गेली, मामांच्या हातातून मात्र गेली नाही. ‘तोंड खोटं बोलतंय, बोट न्हाई,’ हे त्यांचं ब्रीद. एकदा डॉक्टरांनी नाडी बघायला त्यांचं मनगट धरलं, तर मामांनी सवयीनं वर उपरणं टाकलं आणि डॉक्टरांची बोटं दाबायला सुरुवात केली. पुतण्याचं लग्न ठरवताना त्यांनी व्याह्यांचाही हात असाच उपरण्याखाली घेतला. व्याही शाळामास्तर. त्यांना वाटलं, पोरगी सासरी जाणार म्हणून हे धीर देताहेत. त्यांचे डोळे भरून आले, बैठकीतल्या बायकाही डोळे पुसू लागल्या. मामा मागाहून मला म्हणाले, ‘सूनबाई, ते रडले कामून? मी तं जिलबी किती येळा फिरवायची ते इचारत होतो.’

मामी गेल्यावर ते लातूरच्या घरात एकटेच राहत होते. एका हिवाळ्यात न्हाणीत पाय घसरून पडले, मनगट मोडलं आणि दूधवाल्याला हाक ऐकू जाईपर्यंत तसेच थंड फरशीवर पडून राहिले. तेव्हा आम्ही त्यांना नांदेडला आणायचं ठरवलं. मूलबाळ नाही, पुतण्या नोकरीसाठी परराज्यात, दुसरं जवळचं कुणी नाही. मामा यायला तयार झाले, फक्त एक अट घातली. अट राखाडी रंगाची होती, तिला मिशा होत्या आणि नाव होतं शेठाणी. ही मांजर त्यांच्या दुकानात पोत्यांमागे जन्मली आणि दुकान बंद झाल्यावर त्यांच्यामागे घरी आली. मामा कट्टर शाकाहारी असल्यामुळे शेठाणीही शाकाहारी आहे, असं ते सगळ्यांना सांगतात. ती दही-भात आणि दुधात कुस्करलेली दशमी खाते, हे खरं. गच्चीवरून मिशा पुसत खाली येते तेव्हा मामा दुसरीकडे बघतात, हेही खरं.

मला मांजरं आवडत नाहीत, नावडतही नाहीत. पण माझा व्यवसाय पडद्यांचा आणि सोफ्याच्या कव्हरांचा. गिऱ्हाईक घरीच येतं, दिवाणखान्यातल्या सोफ्यावर बसतं, कापड हातात घेऊन बघतं आणि मग माप द्यायचं की नाही ते ठरवतं. म्हणजे आमचा सोफा हीच माझ्या दुकानाची पाटी, तीच माझी जाहिरात. शेठाणी आली आणि पंधरवड्यात त्या जाहिरातीच्या उजव्या हाताच्या दशा लोंबू लागल्या. झोपून उठली की ती अंग ताणायची, मागच्या पायांवर उभी राहायची आणि माझ्या नव्या मखमली कव्हरात नखं रोवून वरपासून खालपर्यंत ओढायची. सोफा झाला की गालिचा. तो आवाज ऐकला की शिवणयंत्रावरचा माझा पाय आपोआप थांबायचा.

मामांना या गोष्टीचं दुःख झालं नाही, आव्हान वाटलं. ‘गिऱ्हाईक नाराज हाय. त्याला दुसरा माल दाखवावा लागंल,’ असं म्हणून ते कामाला लागले. बाजारातून सुतळी आणली, काथ्याची दोरी आणली, गोणपाट, खोक्यांचा जाड पुठ्ठा, बाभळीची साल, आणि कुणा शेतकऱ्याकडून घायपाताच्या वाखाची दोरीही मिळवली. मग गादीवर मांडी घालून बसले आणि एकेका मालावर स्वतःची नखं घासून बघू लागले. डोळे मिटलेले, कान मालाला लावलेला. नेमकी तेव्हा पडद्याचं माप द्यायला एक बाई आलेली. तिनं मला हळूच विचारलं, ‘काही अंगावर उठलंय का हो त्यांच्या?’ मी म्हटलं, ‘नाही, पारख चाललीय.’ बाईनं पदर सावरला आणि खुर्ची जरा लांब ओढली.

शेवटी मामांनी वाख पसंत केला. बांधकामातून उरलेली माझ्या उंचीची एक लाकडी बल्ली होती, तिला त्यांनी आठवडाभर खपून दोरी गुंडाळली. एक वेढा दुसऱ्यावर चढलेला नाही, कुठे फट नाही. मलाही मान्य करावं लागलं की वस्तू देखणी झाली. आणि ती त्यांनी उचलून नेऊन ठेवली अडगळीच्या खोलीत! दिवाणखान्यात सोफ्याशेजारी ठेवला तळहाताएवढा पुठ्ठा आणि त्यावर दोरीचे चार वेढे. मी विचारलं, ‘हे काय?’ तर म्हणाले, ‘वानगी.’ आडतीचा शिरस्ताच तो. माल गोदामात, वानगी गादीवर. गिऱ्हाइकानं वानगी बघायची, पसंत पडली तर गोदामात जायचं. रोज सकाळी पूजा आटोपली की मामा शेठाणीसमोर ती वानगी धरायचे, तिचा पंजा उपरण्याखाली घ्यायचे आणि हलकेच दाबायचे. ‘बघायलीय, बघायलीय,’ असं मला खुणावायचे. शेठाणी वानगी हुंगायची, पंजा सोडवून घ्यायची आणि सरळ सोफ्याकडे जायची. एकदा वैतागून त्यांनी तिला उचलून खोलीत नेलं आणि तिचे पंजे खांबावर ठेवले. भिंतीला नुसती टेकवलेली बल्ली कलंडली, फळीवरचा रिकामा डबा खाली आला आणि शेठाणी त्या खोलीच्या दारापुढूनही जाईना.

माझे उपाय चालूच होते. सोफ्याच्या कडांना लिंबाची सालं ठेवली, त्यांवरून आमचे हेच घसरले. चकचकीत फॉइल लावली. तिला तो आवाज आवडेना म्हणून तेवढा सोफा वाचला, पण गिऱ्हाइकं विचारू लागली की हे पोळ्या गुंडाळायचं इथं कशाला लावलंय. पाण्याचा फवारा आणला, तर मामांनी तो माझ्या हातातून काढून घेतला आणि कुंड्यांना मारला. ‘गिऱ्हाइकावर पानी टाकायलाव, सूनबाई? मोंढ्यात कुणी तुमच्या दुकानाची पायरी चढनार न्हाई.’

दिवाळीच्या आधीचे दिवस माझ्या धंद्याचे. उमरीहून एक बाई आली, नवं घर बांधलेली, सगळ्या खोल्यांचे पडदे आणि दोन सोफे करायचे होते तिला. फॉइल काढून ठेवली होती मी. ती बसली, हात सोफ्याच्या हातावर ठेवला आणि दशांमध्ये बोटं गेली. ‘ताई, तुमच्या घरचंच कापड टिकंना, मग आमचं काय टिकनार?’ एवढं बोलून उठली. चहासुद्धा घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला मी सांगून टाकलं. मुरूडला मामांच्या ओळखीच्या एकांचं शेत आहे, तिथं गोठा आहे, उंदीर आहेत, मांजर सुखात राहील. रविवारी पोचवून येऊ. ह्यांनी ताटातून मान वर काढली नाही. मामांनी धपाटं संपवलं, हात धुतले, आत गेले. थोड्या वेळानं मी बघते तर पिशवीत धोतरं घालताहेत.

‘हे काय, मामा?’

‘ती मुरूडला, मी लातूरला. तुमचं बरोबर हाय, सूनबाई. धंदा हाय तुमचा. मी बी धंदाच केलाय, मला कळतंय.’

‘आणि पुन्हा न्हाणीत पडलात तर?’

‘दूधवाला येतोच की रोज.’

हे त्यांनी रागानं म्हटलं असतं तर मी भांडले असते. ते अगदी हिशेबी सुरात म्हणाले. मला ती थंड फरशी दिसली आणि मी त्यांच्या हातातली पिशवी काढून घेतली. रडारड मला जमत नाही. मी शिलाईच्या मापाची फीत गळ्यात अडकवली आणि विचारलं, ‘मामा, दुकानात शेठाणी नखं कुठं घासायची?’

‘खांबाला.’

‘कुठल्या?’

‘माज्या पाठीमागच्या. गादीवर टेकलं की टोचायचा, म्हनून गोणपाट गुंडाळलं व्हतं त्याला. तिथंच झोपायची, तिथंच उठून घासायची. सगळं गोणपाट फाडलं होतं बघा शेठाणीनं.’

‘म्हणजे खांब हलत नव्हता?’

‘छताला हाय तो. हालंल कसा?’

‘आणि गोदामात होता का?’

मामा अडगळीच्या खोलीच्या दाराकडे बघू लागले.

‘मामा, तुम्ही तिला गिऱ्हाईक समजून गोदामाची वाट दाखवताय. ती कुठली गिऱ्हाईक? ती गादीवर बसणारी. तिचा माल गादीजवळच लागणार.’

मामांनी उपरणं खांद्यावर टाकलं आणि अडगळीच्या खोलीतून बल्ली ओढायला लागले. ‘चला, चला. उभ्या काय ऱ्हायलाव? मशीन आना तुमचं.’

पडद्याचे रॉड मी स्वतःच बसवते, त्यामुळे ड्रिल घरातच होतं. फाटलेल्या सोफ्याला अगदी खेटून, दोन जाड लोखंडी पट्ट्यांनी मी ती बल्ली भिंतीला आवळली. हलवून बघितली, लोंबकळून बघितली, ह्यांनाही धक्का द्यायला लावला. शेजारी मामांची गादी आणली आणि गादीवर शेठाणीचं जुनं पोतं टाकलं. मग आम्ही तिघंही दुसरीकडे बघत बसलो. दुपारी ती पोत्यावर झोपली. उठली, अंग ताणलं, सोफ्याकडे गेली. वाटेत तिला खांब आडवा आला. तिनं हुंगला, मागच्या पायांवर उभी राहिली आणि दोन्ही पंजे वाखात रुतवले. खर्रर! तो आवाज ऐकून इतकं बरं वाटेल, असं मला कधी वाटलं नव्हतं. मामा कुजबुजले, ‘सौदा झाला.’ ह्यांनी त्या दिवशी बाजारातून पेढे आणले. कशाचे म्हणून शेजारच्यांनी विचारलं, तर काय सांगावं ते आम्हाला कळेना.

गालिच्यासाठी पुठ्ठ्याच्या पट्ट्या उभ्या चिकटवून एक पाट केला, तो आडवा टाकला, त्यावर ती गालिच्याचा राग काढते. आणि उपरण्याखालच्या सौद्याचाही उपयोग निघाला. पंजा हलकेच दाबला की मांजरीची नखं बाहेर येतात. आता मामा उपरण्याखाली तिच्याशी बोटांनी बोलतात, तेवढ्यात मी कडेनं नखांची नुसती पांढरी टोकं कापून घेते. शेठाणीला वाटतं, भाव चाललाय. उमरीची बाई परत आली नाही, पण सोफ्याला नवं कव्हर चढलं, ते दिवाळीत तसंच होतं, आणि दुसऱ्या दोघींनी ते बघून माप दिलं.

संक्रांतीच्या सुमाराला मामांचा लातूरच्या शेजाऱ्यांशी फोन चालला होता. मी आत कापड कापत होते. ‘हाव, द्या घर भाड्यानं. चांगली मानसं बघा म्हंजे झालं. न्हाई न्हाई, मला काय, मी आलो असतो. पर मांजर रुळलं न्हवं हितं. आता त्याला कुठं हालवावं?’ मी कात्री कापडावर तशीच ठेवली. मग त्यांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं पुन्हा कापायला लागले.

परवा खांबावरची दोरी झिजून तुटली. नवा वाख आणला आणि आम्ही दोघं गुंडाळायला बसलो. मामांनी दोरी ओढून बघितली, मग टोक माझ्या हातात दिलं. ‘तुमी वढा, सूनबाई. मी नुस्तं धरतो.’ मोडलेलं मनगट थंडीत दुखतं, हे ते सांगत नाहीत. मी दोरी ओढली. त्यांनी ती निसटू नये म्हणून वेढ्यावर बोट ठेवलं. बोट लागलेलं होतं, पण त्यात जोर नव्हता. मी पुढच्या वेढ्याला जरा जास्त जोर लावला, दोघांच्या वाटचा.