न आलेली चक्कर

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, बहिणीला नाही — देवापुढे हात जोडूनही दुसरंच काहीतरी पुटपुटत आले. तुम्हाला का सांगतेय? कदाचित तुम्ही माझं कौतुक करणार नाही म्हणून. कौतुकाचा मला फार वैताग आलाय.

बोईसरमध्ये ज्याला त्याला माझं कौतुक. नवरा कमरेखाली लुळा, आणि बाई कशी निभावते बघा! आमचे हे — दिनकर त्यांचं नाव — इथल्या एका कारखान्यात फिटर होते. शेडवर चढले असताना पत्रा तुटला, खाली आले ते पाठीवर. आम्ही मूळचे जळगावकडचे. इथे सासर नाही, माहेर नाही. आपल्याहून उंच माणसाला अंथरुणात कुशीवर वळवलंय तुम्ही कधी? लघवीची पिशवी, पाठीला जखम होऊ नये म्हणून सारखं वळवणं, पोट साफ करणं — जाऊ दे, सांगत बसत नाही. पण हे सावरले. फळीवरून घसरत पलंगावरून चाकाच्या खुर्चीत एकटे यायला शिकले. शेजारपाजारचे मिक्सर, पंखे दुरुस्त करायला लागले. दुपारी मला जरा पाठ टेकता यायला लागली.

आणि मग तो रोबोट आला.

पालघरच्या एका उपचार केंद्रात आणला होता. रोबोट म्हणजे काय — पायांना आणि कमरेला बाहेरून बांधायचा सांगाडा. गुडघ्याला मोटर, पाठीवर बॅटरी. तो बांधला की लुळा माणूसही उभा राहतो, पाऊल टाकतो. हे पहिल्यांदा त्यात उभे राहिले तेव्हा मला मान वर करून बघावं लागलं. एवढे उंच आहेत हे मी विसरूनच गेले होते. "मंगल, तू बुटकी झालीस की गं!" म्हणाले, आणि हसता हसता रडायला लागले. सगळेच रडले. मीही डोळ्याला पदर लावला. पण माझे डोळे कोरडे होते, हेही आज सांगून टाकते.

शेजारच्या हिराबाई, मूळच्या दांडी गावच्या, त्यांनी व्हिडिओ बघून मला मिठीच मारली. "बाय, तुजा नवरा उबा रायला! आता तुला काय काळजी नाय!"

काळजी नाही? सांगाडा काढला की पाय होते तसेच, हे कुणाला समजावू? तिथे व्यायाम करून घेणाऱ्या नेहा मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं — हा व्यायाम आहे, यंत्र घरी न्यायचं नाही. पण ऐकतंय कोण? सासूबाई गावाहून फोनवर विचारायच्या, चालत कधी येतोय? आणि ह्यांनी तर सगळंच सोडलं. फळीवरून खुर्चीत येणं बंद — आता चालणारच आहे, ते कशाला? दाराला उतार करून घेऊ म्हटलं तर नको — आता पायऱ्याच चढेन. अर्धवट उघडलेले मिक्सर तसेच पडून. आणि केंद्रात जायचं म्हणजे पहाटेपासून माझी धावपळ: ह्यांना धुवायचं, कपडे घालायचे, हिराबाईंना हाक मारून दोघींनी उचलून गाडीत घालायचं. तिथे तासभर बांधाबांध, मग हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं, मग टाळ्या. टाळ्या ह्यांना. मी कोपऱ्यात, रिकामी खुर्ची धरून.

फायदा होत होता, तेही सांगते. पाय आखडायचे ते कमी झाले होते. पोट साफ व्हायला लागलं होतं. ह्यांना झोप लागत होती. हे सगळं मला दिसत होतं. दिसत नव्हतं असं मला म्हणता येणार नाही.

त्या दिवशी नळाला पाणी नव्हतं. निघता निघता पिशवी गळली, पँट बदलावी लागली. गाडीवाला हॉर्न वाजवतोय, आणि हे म्हणाले, "जरा हात चालव ना. माझी वेळ जाईल."

हात चालव.

मी हात चालवले. वेळेवर केंद्रात पोचलो. तिथे ह्यांना आत बीपी बघायला नेलं, आणि नेहा मॅडमनी मला नेहमीसारखंच विचारलं — गेल्या वेळेपासून काही त्रास?

आणि मी म्हणाले, "काल बसवलं तेव्हा बेशुद्ध पडले. परवाही पडले होते."

कुठून आलं ते? मला माहीत नाही — नाही, माहीत आहे. उभं करताना रक्तदाब उतरला, चक्कर आली तर धोका असतो, असं मॅडमच एकदा म्हणाल्या होत्या. मी ते बरोबर लक्षात ठेवलं होतं.

सांगाडा त्या दिवशी बांधलाच नाही. मॅडमनी ह्यांना समजावून सांगितलं, तर हे माझ्याकडे बघायला लागले. "मी? कधी गं? मला कसं आठवत नाही?"

"बेशुद्ध माणसाला कसं आठवेल?" मी म्हणाले.

तेव्हा मी हसून टाकलं असतं, चुकून बोलले म्हटलं असतं, तरी चाललं असतं. ह्यांच्या डोळ्यांत शंका आली होती — माझ्याबद्दलची नाही, स्वतःबद्दलची. ती मला दिसली, आणि मी ती तशीच राहू दिली. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, काहीच निघालं नाही. पुन्हा झालं का, असं विचारलं. मी म्हणाले, झालं. मग ह्यांची जागा मासवणच्या लक्ष्मणभाऊंना दिली. ते ताडाच्या झाडावरून पडलेले.

मला वाटलं होतं, सुटले. कसली सुटतेय! हे पुन्हा खुर्चीत यायला लागतील, मिक्सर उघडतील, असं धरून चालले होते मी. पण बेशुद्ध पडणारा माणूस फळीवरून एकटा घसरेल का? ह्यांना उठून बसायचीच भीती बसली. उशाशी मीठ-साखरेचं पाणी. कूस बदलायची तरी हाक — "मंगल, आहेस ना?" भाजी आणायला बाहेर गेले की फोन. वैतागून मी एकदा ओरडले, "काही होत नाही हो तुम्हाला!"

"तुझ्यासमोरच झालं ना?" ते म्हणाले. साधेपणानं.

स्वतःच्याच हातानं बांधलेली गाठ, आणि चिडतेय मी ह्यांच्यावर. आजही चिडते.

गेल्या महिन्यात केंद्रात नवं, हलकं यंत्र आलं. नेहा मॅडमनी आवर्जून बोलावलं. म्हणाल्या, पुन्हा एकदा तपासून बघू, आता जमेल. लक्ष्मणभाऊ ते बांधून, काठ्या सावरत तयार बसले होते. ते म्हणाले, "दिनकरभाऊ, या ना. भ्यायचं काय नाय."

हे हसले. "नको मॅडम. मला शुद्ध राहत नाही. विचारा हिला."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. नेहा मॅडम थांबल्या होत्या. एक शब्द पुरला असता. मी म्हणाले, "हो."

ह्यांनी माझा हात हातात घेतला आणि मॅडमना म्हणाले, "ही जवळ होती म्हणून वाचलो हो."

मी हात सोडवून घेतला नाही. मग लक्ष्मणभाऊ उभे राहिले, पहिलं पाऊल पडलं, तेव्हा ह्यांनीच तो सोडला — टाळ्या वाजवायला.