टिकल्यांतून अणू मांडणारे महाजन सर

आदरणीय महाजन सरांची पहिली ओळख झाली ती त्यांनी आमच्या धंद्याचा माल जमिनीवर पसरला तेव्हा. नवागाम वस्तीतल्या आमच्या खोलीत आम्ही साड्यांवर टिकल्या चिकटवायचो. नात शोभा नववीत होती. तिला अणू समजेना, म्हणून विज्ञानाचे हे शिक्षक घरी आले आणि फरशीवर टिकल्या मांडून बसले. मधोमध सहा लाल, ते प्रोटॉन. त्यांना चिकटून सहा पांढऱ्या, ते न्यूट्रॉन. भोवती सहा बारीक निळ्या, ते इलेक्ट्रॉन. "हा कार्बन," म्हणाले. मला अक्षर येत नाही, सरांच्या गौरवग्रंथासाठी हेही शोभाच लिहून घेते आहे. पण टिकल्या मला कळतात.

साडीला कमी पडली म्हणून मी एक निळी उचलली. सर म्हणाले, "असू द्या आजी, अजून कार्बनच आहे." मग एक पांढरी उचलली. "तरी कार्बनच." लाल उचलली तेव्हा मात्र त्यांनी कपाळाला हात लावला. "आजी, तुम्ही याचा बोरॉन केलात."

"मग बोरॉन शिकवा. साडी आज द्यायची आहे."

त्याच वर्षी माझा भगवान, शोभाचे वडील, कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये भाजून गेला. शोभाची शाळा सोडवून तिला कामाला बसवायचं मी ठरवलं. तेराव्याला सर आले. बाकीचे म्हणत होते, होईल सगळं पहिल्यासारखं. मी सरांना विचारलं, "आमची कुठली टिकली गेली हो?"

सर धीराचं खोटं बोलले नाहीत. "लाल गेली, आजी. घर पहिल्यासारखं होणार नाही." मग शोभाकडे बघून म्हणाले, "पण जे काही होईल, त्यात शोभाची शाळा राहू द्या."

"आणि टिकल्या कोण लावणार? तुम्ही?"

मी टोमणा मारला होता. सरांनी तो खराच धरला. शोभाची दहावी होईपर्यंत ते शाळा सुटली की आमच्याकडे येऊन बसायचे. ती मोठ्यानं वाचायची, सर चिकटवायचे. काम अतिशय वाईट. त्यांच्या साड्या शेठ परत धाडायचा, मी टिकल्या खरवडून पुन्हा लावायचे. माणूस थोर, हात निकामी. गौरवग्रंथात हेही छापावं.

शोभा पास झाली, पुढे शिकली. घर पहिल्यासारखं झालं नाही.

आता सरांना साठ वर्षं पूर्ण झाली. अशा वेळी लोक आपलं आयुष्य देऊ करतात. माझं तळाशी थोडंच उरलंय, ते काय द्यायचं? भगवानची मात्र बरीच वर्षं न जगता पडून आहेत. ती सरांना लागोत, आणि निरोगी लागोत.