मार न खाल्लेली तार

तिची नखं कायम बारीक कापलेली. दार कोपरानं लोटायचं. चहाचा चमचा कपाला लागू द्यायचा नाही. कुणाची नवी अंगठी दिसली की आधी तिच्यावरचे ओरखडे बघायचे, मग अभिनंदन.

आम्ही तिला पॉलिशताई म्हणायचो. नवरा म्हणायचा, "घरची भांडी इतकी घासली असतीस, तर तोंड दिसलं असतं त्यात."

"तुमचं तोंड रोज बघतेच की. आणखी भांड्यात कशाला?"

कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्राच्या प्रयोगशाळेत ती तारा तपासायची. मी तिथलं वार्तापत्र काढतो. साहित्य शिकलेल्या मला तिनंच समजावलं. "या तारेची चुंबकं होतात. अतिथंड केली की वीज बिनअडथळा वाहते. पण कणांचा झोत भरकटून तिच्यावर आपटला, तर डोळ्याची पापणी लवायच्या आत तापते. वरून ठणठणीत. आतले धागे केसाहून बारीक, काचेसारखे ठिसूळ. ते तडकतात."

मुद्दाम झोताचा मार दिलेल्या तारा तिच्याकडे आल्या. तिनं त्या कापल्या, घट्ट होणाऱ्या राळेत बसवल्या, आरशासारख्या होईपर्यंत घासल्या. सूक्ष्मदर्शकाखाली चिरा दिसल्या. किती मार चुंबक सोसेल, याची मर्यादा त्यावरून ठरणार होती.

मुख्य शास्त्रज्ञ मॅडमनी विचारलं, "ताई, या चिरा झोताच्या की तुमच्या करवतीच्या?"

मला राग आला. तिला नाही.

"सांगता येत नाही, मॅडम. घाई नडली. आधी राळेत बसवून मग कापायला हव्या होत्या, म्हणजे करवतीनं धागे तडकले नसते."

मग तिनं पदर खोचला. एकाच रिळाचे दोन तुकडे घेतले, एक मार खाल्लेला, एक न खाल्लेला. दोन्ही आधी राळेत. करवत तीच, हात तोच.

"मार न खाल्लेल्या तारेतही चिरा निघाल्या तर माझं सगळं काम केरात," ती म्हणाली. "नाही निघाल्या, तर मॅडमना मर्यादा खाली आणावीच लागेल."

"आणि निघाल्या तर?"

"तर पुन्हा घासेन. हात काय भाड्यानं आणलेत?"

मार खाल्लेली तार पूर्ण झाली. चिरा होत्या. दुसरी तिनं घासायला घेतली. सोमवारी ती आली नाही. रात्री हृदय थांबलं, एवढंच नवरा फोनवर म्हणाला.

मी मॅडमना विचारलं, उरलेलं कुणी पूर्ण करेल का.

"हात बदलला की तुलना संपली," त्या म्हणाल्या.

मार न खाल्लेला तुकडा तिच्या टेबलावर आहे. खिडकीकडे तिरका धरला की घासण्याचे ओरखडे दिसतात, सगळे एकाच दिशेचे. चिरा आहेत की नाहीत, ते त्यांच्याखाली. शेजारी ओरखडे पुसणारा, शेवटचा, सर्वांत मऊ घासकागद, तिनं कापून ठेवलेला. कोरा.