कोरडा गोळाभात

हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवून मला तीन वर्षे झाली. तेव्हापासून देवळीच्या आमच्या घरात तेल चमच्याने मोजले जाते. तंबाखू सुटली, रोज सकाळी चालणे सुरू झाले. एवढे करूनही जिना चढताना छाती दाटून येते, आणि माझी चिडचिड होते. ती कोणावर काढावी, हे कळत नाही.

त्या चिडीतच मी एक चूक केली. कोलेस्टेरॉलच्या गोळीने पोटऱ्या दुखतात असे वाटू लागले, तेव्हा डॉक्टरांना न विचारता मी ती बंद केली. पत्नी जेवणानंतर गोळी हातावर ठेवी. मी ती मुठीत लपवून नुसते पाणी पीत असे आणि सकाळी फिरायला जाताना नालीत टाकत असे.

चार महिन्यांनी वर्ध्याला तपासणी झाली. रक्ताचा अहवाल बिघडला होता. गोळ्या नियमित घेता का, असे डॉक्टरांनी विचारताच, आपण स्वतः देतो, असे पत्नीने अभिमानाने सांगितले. मग जेवणाचा विषय निघाला. पाहुण्यांसाठी केलेल्या गोळाभातावर तेल जास्त पडल्याचे तिने खाली मान घालून कबूल केले. डॉक्टरांनी गोळीची मात्रा वाढवली. मी नवी चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली.

संध्याकाळी तिने पुन्हा गोळाभातच केला. डाळीचे वाफवलेले गोळे, भात, आणि वर फोडणीच्या तेलाचा थेंबही नाही. तिच्या ताटातही नव्हता.

"माह्याच हातानं झालं," ती म्हणाली.

मी हातातला घास ताटात परत ठेवला. "तुह्या हातानं काई नाई झालं. चार महिने झाले, मी गोळी घेऊनच नाई राह्यलो," मी म्हणालो, आणि नालीचेही सांगून टाकले.

तिने एक गोळा भातात कुस्करला. "नालीतल्या उंदरांचं हृदय तरी सुधरलं असन," ती शांतपणे म्हणाली. मग आवाज बदलला. "पण डॉक्टरसमोर मले काऊन बोलू देलं तुमी?"

मी हात धुऊन डॉक्टरांना फोन केला. दुखणे आधीच सांगितले असते तर गोळी बदलता आली असती, असे ते म्हणाले. वाढवलेली मात्रा त्यांनी थांबवली आणि सकाळी पुन्हा बोलावले.

फोन ठेवून वळलो, तेव्हा तिने छोट्या कढईत तेल तापवले होते. मोहरी तडतडली. तिने ते स्वतःच्या भातावर ओतले आणि माझ्याकडे न पाहता जेवू लागली.