बाळ आगाशे आणि सुईचा दांडा

तर त्या झेंडूच्या हारापाशी काल आपण थांबलो होतो. दसऱ्याचा दिवस, कात्रजला नागोरावांचं घर, आणि हार कुणाला? तर रेकॉर्ड प्लेअरला! हसताय काय? ज्याच्यावर आपलं घर चालतं, मन रमतं, त्याची दसऱ्याला पूजा करायची ही आपली रीतच आहे. नागोरावांनी स्कूटर पुजली, मिक्सर पुजला. मग यमुनाबाईंनी प्लेअरला हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या आणि हार असा घातला की निम्मं यंत्र झेंडूत बुडालं.

ही यवतमाळकडची माणसं. नागोरावांचा सगळा जन्म मोटारींच्या कारखान्यात, रंगखात्यात गेला. निवृत्त झाल्यावर त्यांनी हौसेनं हे यंत्र घेतलं. त्याला पट्टा नाही, मोटरच थेट फिरत्या थाळीच्या खाली. पण खरी हौस यमुनाबाईंना. दुपारची भांडी आवरली की त्या स्वतः रेकॉर्ड पुसायच्या, सुईचा दांडा अलगद उचलून ठेवायच्या आणि डोळे मिटून ऐकत बसायच्या.

यंत्र निवडून दिलं होतं बाळ आगाश्यांनी. बाळराव शनिवार पेठेतले, बँकेतून निवृत्त झालेले. रेकॉर्डींच्या बाबतीत शेवटचा शब्द त्यांचा. आणि जीभ? अहो, बँकेत एका गिऱ्हाइकानं विचारलं, "हे पेन चालतं का हो?" तर बाळराव मान वर न करता म्हणाले, "नाही, दोरीला बांधलंय." अशा वाक्यांवर त्या माणसानं सारी नोकरी काढली, आणि लोक ती वाक्यं घरी नेऊन सांगायचे.

तर दसऱ्याचं सोनं द्यायला बाळराव बायकोला घेऊन कात्रजला गेले. हार पाहिला आणि जीभ सुटली. "वहिनी, नैवेद्याला काय? शिवणयंत्राचं तेल?" सगळे हसले, यमुनाबाईसुद्धा. मग बाळरावांनी ऐटीत रेकॉर्ड चढवली आणि दांडा उचलला. पण दांडा जागेवर धरून ठेवणारी एक बारीक खिट्टी असते. ती लावलेली होती, हाराखाली झाकलेली. बाळरावांच्या घरच्या जुन्या प्लेअरला तसली खिट्टीच नाही. दांडा येईना, म्हणून त्यांनी जरा जोर लावला. टक्! आवाज बारीक, पण बोटांना तो बरोबर कळला. दांडा बुडाशी लुळा पडला आणि सुई रेकॉर्डवरून खर्रकन घसरत गेली.

सगळ्यांच्या नजरा बाळरावांवर. आणि खरं सांगायच्या आधी जीभच बोलून गेली, "जाणारच! दांड्याच्या बेअरिंगमध्ये कुंकू गेलंय."

दुसरा कुणी असता तर त्यानं विचार केला असता. पण नागोराव रंगखात्यातले! तिथं धुळीचा एक कण बसला तर मोटारीचं अख्खं दार पुन्हा रंगवावं लागतं. त्यांनी कपाळावर हात मारला. "हाव जी! बारीक भुकटी. तिनंच घात केला."

यमुनाबाईंचा चेहरा उतरला. "माह्याच हातानं झालं," म्हणाल्या, आणि पदराच्या टोकानं यंत्रावरचं कुंकू पुसायला लागल्या. सणाच्या दिवशी, सवाष्ण बाई, वाहिलेलं कुंकू आपल्याच हातानं पुसतेय! बाळरावांना आपट्याचं पान हातात चटका देतंय असं झालं. बासुंदी कशीबशी गिळून घरी आले.

पुढं काय व्हावं? पेठेत ही गोष्ट आधीच पोचलेली. चार माणसं घरी आली की बाळरावांच्या पत्नी सरोजिनीबाई म्हणायच्या, "अहो, ती कुंकवाची गंमत सांगा ना!" बाळराव पाणी प्यायला उठायचे, तर बाई स्वतःच सांगायच्या, आणि माणसं पोट धरून हसायची. आतल्या खोलीत बाळराव पेला हातात धरून उभे. जन्मात प्रथमच त्यांना आपलं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकवेना.

त्यात नागोरावांचा फोन. "आगाशेसाहेब, नवा दांडा तुम्हीच निवडा. आमाले काय समजते?"

दोघं बुधवार पेठेत प्लेअर दुरुस्त करणाऱ्या मच्छिंद्रच्या दुकानी गेले. त्यानं दोन दांडे काढले. एक जुन्यासारखाच, किंचित वळणाचा, जुन्या भोकात थेट बसणारा. दुसरा सरळसोट, बुडाला टोपण घालून बंद केलेला. पण हा थाळीपासून वेगळ्या अंतरावर बसवावा लागतो, त्यामुळे यंत्राला नवं भोक पाडावं लागणार.

"पहिलाच घ्या," बाळराव म्हणाले. "या यंत्राला तोच शोभतो. वाजेलही चांगला."

"पन त्यात पुन्हा कुकू जाईन ना जी?"

आता सांगावं, असं बाळरावांच्या मनात आलं. गल्ल्यापाशी आणखी दोन गिऱ्हाइकं उभी होती. त्यातला एक ओळखीचा, नुकताच नमस्कार केलेला. बाळराव त्या टोपणाकडे पाहत नुसते "हं" म्हणाले. त्या एका "हं"वर सरळ दांडा पिशवीत गेला. वाटेत नागोराव आभार मानत होते, आणि बाळराव दुकानांच्या पाट्या वाचत चालले होते.

रविवारी मच्छिंद्र ड्रिल घेऊन कात्रजला आला. नागोरावांच्या आग्रहावरून बाळरावही हजर. घरात पाहतात तर देवघरातली उदबत्ती बाल्कनीत नेऊन ठेवलेली! कुंकवाची कोयरीसुद्धा कपाटात. का, तर यंत्राला बाधू नये. यमुनाबाई स्वयंपाकघराच्या दारातच उभ्या, जशी काही पुढची खोली परक्याची.

मच्छिंद्रनं यंत्राच्या लाकडावर पेन्सिलीनं फुली मारली. "एकदा भोक पडलं की पडलं," तो म्हणाला. "खालीच मोटर आहे. जरा तिरकं गेलं तर तीही जायची. पाडू ना?"

"पाडा," नागोराव म्हणाले. "इलाजच नाही तं."

ड्रिलचा घरघराट झाला. टोक फुलीवर आलं. बाळरावांनी पुढं होऊन मच्छिंद्रचं मनगट धरलं. ड्रिल थांबलं. सगळे त्यांच्या तोंडाकडे पाहायला लागले. त्यांचे कान लालबुंद झालेले.

तेवढ्यात दारातून यमुनाबाईंनीच हळू आवाजात विचारलं, "भाऊ, राग नका मानू. हा बंदवाला बसवला म्हंजे मी दुपारी रेकॉर्ड लावली तं चालन का? का दुरूनच आयकत जाऊ?"

बाळराव त्यांच्याकडे वळले आणि म्हणाले, "वहिनी, कुंकवानं काही झालेलं नाही. खिट्टी न काढता मीच दांडा ओढला, मी मोडला, आणि तोंडाला आलं ते बोलून दोष तुमच्यावर ढकलला. त्या दिवशी सांगितलं नाही, मग रोज सांगायची लाज वाटत गेली. भोक पाडायचं कारण नाही, जुन्यासारखाच दांडा मी बदलून आणतो. तुम्ही आधी ती उदबत्ती आत घ्या."